दुसरा बोअर मारावा की हौद बांधावा? अथणी भागातील घराची दुष्काळासाठीची तयारी

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे : अथणी तालुक्याच्या पूर्व बाजूच्या गावात काळ्या जमिनीवर बाराशे चौरस फुटांचे स्लॅबचे घर आहे, घरात आईवडील धरून सहा माणसे आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत, ४३० फुटांचा बोअर मार्च उजाडला की धरसोड करू लागतो, ग्रामपंचायतीचा नळ उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड येतो, आणि हाती असलेल्या पैशांत दुसरा बोअर मारावा की जमिनीत मोठा हौद बांधावा, याचा निर्णय होत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. हौद बांधावा, परंतु आपल्या मनात आहे त्याहून लहान आणि एकाच कामासाठी राखून ठेवलेला. दुसऱ्या बोअरचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. घरगुती पाणीव्यवस्थेची कामे या सीमाभागात बरीच वर्षे केल्यानंतर बनलेले हे मत आहे आणि त्यामागचा हिशेब पुढे मांडतो, म्हणजे तो आपल्याला स्वतः तपासून पाहता येईल.

बेळगाव जिल्ह्यात पाण्याविषयी दुसऱ्याचा सल्ला घेताना तो सल्ला कोणत्या तालुक्यातून आला आहे, हे पाहणे आवश्यक असते. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात आठवडे-आठवडे सूर्यदर्शन होत नाही, बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीत तो पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. पश्चिमेकडच्या खानापूर तालुक्यातील लोकांची अडचण अशी की जांभ्या दगडात पाणी जसे झटकन मुरते तसेच ते झटकन निघूनही जाते आणि एप्रिलमध्ये आड तळाला जातात. त्यांना उन्हाळ्याचे दोन महिने निभावायचे असतात. आपल्याला मात्र पाऊस पडतानाच तो पकडावा लागणार आहे, कारण काळ्या मातीखालचा कातळ तो आपल्यासाठी सांभाळून ठेवीलच, याची खात्री नाही.

नळाच्या भरवशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या बाजूच्या अनेक बहुग्राम योजना कृष्णेतून पाणी उचलतात, म्हणजे घरचा नळ हा अखेरीस नदीच्या पातळीवर अवलंबून असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले, कोयनेतून पाणी सोडावे म्हणून कर्नाटकाने महाराष्ट्राकडे मागणी केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चिकोडी, निपाणी, अथणी या तालुक्यांतील नदीकाठची गावे महापुरात बुडाली. २०२३ मध्ये मृग कोरडा गेला, बेळगाव शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी जूनमध्ये तळाला पोहोचली, आणि पुढे कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. योजना चांगली की वाईट, हा इथे प्रश्न नाही. नदीतच पाणी नसेल तर पंचायतीचा वॉटरमन तरी काय करणार? म्हणून नळ हा मिळाला तर मिळाला असा स्रोत समजून घराचा आराखडा करावा.

आता हिशेब. ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले जाते. सहा माणसांचे ३३० लिटर झाले. उन्हाळ्यात एका दुभत्या म्हशीला पिण्यासाठी साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागते, तेव्हा दोन म्हशींचे १४० धरू. एकूण ४७० लिटर रोज. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवस होतात, आणि या दिवसांचा गुणाकार ५६ हजार लिटरांच्या वर जातो. एवढा हौद घरापुरता बांधणे परवडण्यासारखे नाही, बांधलाच तर तो भरणार नाही, आणि भरलाच तर एवढे पाणी चार महिने पिण्याजोगे राखणे कठीण. मोठ्या हौदाच्या बहुतेक योजना याच ठिकाणी फसतात. लोक पैशाच्या अंदाजाने खड्डा खणतात, पाण्याच्या अंदाजाने नव्हे.

याच हिशेबातून पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे काढून पाहा. माणशी दहा लिटर धरले, जे सढळच आहे, तरी सहा जणांचे रोजचे साठ लिटर होतात आणि १२० दिवसांचे ७,२०० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरांचा एक हौद पावसाच्या पाण्याने भरून ठेवला, तर नळ बंद पडला, बोअर आटला आणि टँकर उशिरा आला तरी चार महिने घरातल्या कोणाला घोटभर पाण्यासाठी हांडा घेऊन दारोदार जावे लागणार नाही. उरलेले सुमारे चारशे लिटर आंघोळ, धुणीभांडी, शौचालय आणि जनावरे यांचे आहेत; ते मचूळ असले तरी चालते, एक दिवस कमी आले तरी निभते आणि बोअर, नळ, टँकर यांपैकी कुठूनही आणता येते. दुष्काळासाठी घर तयार करणे म्हणजे मुख्यतः या दोन पाण्यांचे मार्ग आणि टाक्या कायमच्या वेगळ्या करणे होय, आणि पुढची सर्व कामे यातूनच निघतात.

छतावर किती पाणी पडते, हे मोजणे सोपे आहे, कारण एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपले बाराशे चौरस फूट म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. वाईट वर्षासाठी साडेतीनशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असे मानले, तरी हंगामभरात ३१ हजार लिटर पाणी आपल्याच छतावरून वाहून जाते. दहा हजारांचा हौद भरायला एकूण सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पुरतो, आणि एवढा पाऊस मृगापासून हस्तापर्यंत कमी पावसाच्या वर्षीही बहुधा होतोच. आपल्या पूर्व भागात जून-जुलैची भुरभुर फारशी कामाची नसते. खरा भरवसा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच्या पावसावर असतो. त्यामुळे हौद जूनमध्ये अर्धा भरला तर ते पाणी पावसाळ्यातच निःसंकोच वापरावे, ऑगस्टअखेर हौद रिकामा करून घासून घ्यावा, आणि उन्हाळ्यासाठीचा साठा स्वच्छ धुतलेल्या छतावरच्या परतीच्या पावसाने करावा. पश्चिमेकडच्या तालुक्यांना हे वेळापत्रक लागू पडत नाही, त्यांनी जुलैमध्येच हौद भरून घ्यावा.

छताची तयारी मे महिन्यात करावी लागते. स्लॅबवर साठलेला कचरा, पालापाचोळा आणि जुन्या विटा काढून घ्याव्यात, उतार एका बाजूला नसेल तर गवंड्याकडून मसाल्याने करून घ्यावा, आणि त्यावर चुन्याचा हात द्यावा. डांबरी थर किंवा रासायनिक रंग लावलेल्या छताचे पाणी पिण्यासाठी धरू नये. जुन्या सिमेंट पत्र्यांच्या गोठ्याचे पाणीही वापरण्यासाठीच ठेवावे. आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे साखर कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची काजळी. गळीत हंगामात आजूबाजूच्या गावांतील छतांवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख बसते, ती उन्हाळाभर तशीच राहते आणि पहिल्या पावसाचे पाणी शाईसारखे काळे येते. नोव्हेंबरनंतर अवकाळी पाऊस पडला, तर मोह होतो तरी ते पाणी पिण्याच्या हौदात घेऊ नये.

छतावरून उतरणारे पाइप चार इंची, आणि एवढ्या छताला दोन असावेत, कारण वळवाच्या जोरदार सरीत तासाला शंभर मिलिमीटरच्या गतीने पाऊस आला तर छतावर तासाला अकरा हजार लिटर पाणी पडते आणि एकच पाइप असल्यास ते स्लॅबवर तुंबते. पहिले दोन मिलिमीटर पाणी, म्हणजे आपल्या छताचे सुमारे सव्वादोनशे लिटर, हौदात जाऊ न देता बाजूला काढले पाहिजे. यासाठी बाजारात उभ्या पाइपच्या तयार जोडण्या मिळतात. परंतु सहा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम अठरा लिटर पाणी मावते, म्हणून दीड मीटरचा पाइप लावून काम झाले असे मानणे म्हणजे मनाचे समाधान करून घेणे आहे. दोनशे लिटरचे प्लास्टिकचे पिंप हौदाच्या आधी जोडावे, ते भरल्यावरच पाणी पुढे सरकेल अशी उंची ठेवावी, आणि पिंपाच्या तळाला तोटी बसवून ते प्रत्येक पावसानंतर रिकामे करावे. हे पाणी म्हशी धुण्यास उत्तम. त्यापुढे गाळणीची टाकी : खाली जाड खडी, मध्ये बारीक खडी, वर धुतलेली जाड वाळू, आणि वाळूवर नायलॉनची जाळी. वाळू दरवर्षी उन्हाळ्यात काढून धुवावी लागते. हे काम सोपे असूनही दुसऱ्या वर्षापासून कोणी करत नाही, म्हणून गाळणीचे झाकण एका माणसाला उचलता येईल एवढेच जड करावे.

हौदाच्या बांधकामावर थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण काळ्या जमिनीत तेच सगळ्यांत जास्त बिघडते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आक्रसते. तिच्या थेट अंगाला विटांच्या भिंतीचा हौद टेकवला, तर दोन-तीन उन्हाळ्यांत कोपऱ्यांना चिरा जातात आणि पाणी कुठे जाते, हे कळतही नाही. यासाठी खड्डा चारी बाजूंनी फूट-दीड फूट मोठा खणावा, काळी माती काढून टाकावी, तळाला आणि बाजूंना मुरूम ठोकून भरावा, आणि हौद सळईच्या काँक्रीटचा करावा. आठ बाय आठ फूट आणि पाण्याची उंची साडेपाच फूट ठेवली की ३५२ घनफूट, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर होतात; वर अर्धा-पाऊण फूट मोकळी जागा ठेवावी. पूर्ण जमिनीत पुरण्याऐवजी दोन-अडीच फूट वर काढलेला हौद मी अधिक पसंत करतो, कारण अंगणातले पाणी आत शिरत नाही आणि बाहेरच्या बाजूने तडा दिसतो. नदीकाठी घर असणाऱ्यांना एक इशारा : पावसाळ्यात भूजल वर येते तेव्हा जमिनीतला रिकामा हौद तळाखालच्या पाण्याने उचलला जाऊ शकतो, त्यामुळे पुराच्या दिवसांत तो रिकामा ठेवू नये.

हौदाचे तोंड लहान, उंबऱ्यासारखी कड असलेले आणि कुलूप लावता येईल असे असावे. घरात लहान मुले असतील तर याबाबत तडजोड करू नये. आत उजेड गेला की शेवाळ धरते, म्हणून झाकण अपारदर्शक हवे आणि ओसंडणाऱ्या पाइपला बारीक जाळी हवी. पाणी पोहरा किंवा तांब्या बुडवून काढू नये. छोटा हातपंप बसवावा; वीज गेली तरी तो चालतो, आणि हाताने उपसावे लागले की पाणी आपोआप जपून वापरले जाते. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून हौद जमेल तितका दूर आणि चढाच्या बाजूला घ्यावा. आड, विहीर किंवा बोअर यांच्यासाठी हे अंतर किमान १५ मीटर ठेवावे.

भरलेल्या हौदात दर हजार लिटरला अडीच ग्रॅम याप्रमाणे चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणजे दहा हजार लिटरांना पंचवीस ग्रॅम. ती बादलीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी हौदात ओतावी, आणि किमान एक तास थांबावे. उघड्या पिशवीत वर्षभर पडून वास उडालेली पावडर निकामी असते. क्लोरीनचा परिणाम महिनोन्‌महिने टिकत नाही, म्हणून रोज काढलेले पिण्याचे पाणी उकळावे किंवा त्यात पाकिटावरील सूचनेप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकावी. वृद्ध आईवडील घरात असताना या बाबतीत आळस नको.

आता बोअर. आपला सगळा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. या कातळात पाणी भांड्यासारखे साठलेले नसते. ते वरच्या झिजलेल्या थरात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत असते. बोअरच्या वाटेत अशी भेग आली तर पाणी लागते, नाही आली तर सातशे फूट खाली जाऊनही धुरळाच निघतो. म्हणून ‘आणखी दोनशे फूट खाली घालू, पाणी लागेलच’ या बोअरच्या गाडीवाल्याच्या बोलण्याला भूगर्भाचा आधार नाही. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून दीड-दोन लाख रुपये जमिनीत घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मात्र त्याआधी शेजारच्या दहा बोअरांची खोली, पाणी कितव्या फुटाला लागले आणि ते कोणत्या महिन्यात आटते, एवढे वहीत लिहून काढण्याचा आग्रह धरतो. ती वही बहुतेक वेळा नारळापेक्षा अधिक सांगते. शिवाय त्याच अंगणात दुसरा बोअर घेतला, तर तो पुष्कळदा पहिल्याच बोअरच्या भेगेतले पाणी ओढतो, आणि आपण एकाच साठ्याला दोन मोटारी लावलेल्या असतात. कायद्याच्या बाजूनेही पाहावे : कर्नाटकात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवा बोअर घेण्यावर निर्बंध आहेत आणि २०११ च्या भूजल कायद्यानुसार अधिसूचित भागात परवानगी लागते; तेव्हा आधी पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, विचारावे.

असलेल्या बोअरचे पाणी ‘दोन इंची’ की ‘दीड इंची’ हे विसरून ते तासाला किती लिटर, असे मोजा. दोनशे लिटरचे पिंप किती मिनिटांत भरते आणि धार किती वेळाने तुटते, हे जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत लिहून ठेवा. समजा मार्चमध्ये वीस मिनिटांनी धार तुटते आणि त्यात तीनशे लिटर मिळतात. मग पाच-सहा तासांची विश्रांती देऊन दिवसातून दोन वेळा वीस-वीस मिनिटे मोटार चालवली तरी आपल्या वापराच्या पाण्याची गरज भागते. असा बोअर आटलेला नसतो, त्याला फक्त श्वास घ्यायला वेळ हवा असतो. अडचण एवढीच की हेस्कॉमची वीज आली की लोक मोटार सुरू करून शेतात जातात, बोअर कोरडा होतो आणि मोटार जळते. कोरडी चालल्यास मोटार बंद करणारा स्टार्टर आणि वेळ लावता येणारे यंत्र हा खर्च नव्या बोअरच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि माझ्या मते आपल्या यादीत हौदाच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. वापराच्या पाण्यासाठी छतावर हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवाव्यात; प्रत्येक भरलेली टाकी एक टन वजनाची असते, म्हणून त्या तुळईवर येतील अशाच बसवाव्यात.

हौद भरल्यावर छतावरचे जे वीसेक हजार लिटर पाणी उरते, ते बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडावे. बोअरभोवती सुमारे दोन मीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन, खाली मोठे दगड, वर खडी आणि सर्वांत वर वाळू भरतात, आणि केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातील पाइपच्या, खड्ड्यातल्या भागाला बारीक छिद्रे पाडून त्यावर जाळी गुंडाळतात. गाळल्याशिवाय पाणी थेट बोअरमध्ये सोडणे हा गुन्हा समजावा, कारण गोठ्याकडचे किंवा रस्त्याचे घाण पाणी एकदा खाली गेले की शेजाऱ्यांचेही पाणी नासते. आपल्या परड्यात किंवा भावकीच्या जागेत जुना आड बुजवलेला असेल, तर पुनर्भरणासाठी तो बोअरपेक्षा चांगला. बेळगावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला आलेल्या लोकांना पाणी पुरावे म्हणून खणलेली टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आजही आहे. आपल्या वाडवडिलांचे आड मात्र आपण नळ आल्याबरोबर कचऱ्याने भरून टाकले.

मधेच एक गोष्ट, विषयाशी जोडलेलीच. दुष्काळात बोअर कोरडे पडतात, मालक केसिंग काढून विकतो आणि तोंड तसेच उघडे राहते. आपल्याच तालुक्यातील झुंजरवाडमध्ये एप्रिल २०१७ मध्ये अशा उघड्या बोअरमध्ये पडून एका लहान मुलीचा जीव गेला. बंद बोअर माती-मुरुमाने वरपर्यंत भरावा. पोते टाकून वर दगड ठेवणे म्हणजे तोंड बंद करणे नव्हे.

बोअरचे पाणी मे महिन्यात, म्हणजे ते सर्वांत कमी असताना तपासून घ्यावे. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर आणि नायट्रेट ४५ च्या वर असेल, तर ते पाणी पिऊ नये. उकळल्याने फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. प्राथमिक चाचणीचा संच बहुतेक ग्रामपंचायतींकडे असतो. घरात आरओ यंत्र असल्यास ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे सहसा दोन-तीन लिटर बाहेर टाकते, तेव्हा त्याची नळी बादलीत सोडून ते पाणी फरशीसाठी वापरावे. पावसाच्या पाण्याला मात्र आरओची गरज नसते.

काटकसरीच्या उपायांवर लेखणी झिजवण्यात अर्थ नाही, कारण आपल्या घरातील बायकांना त्यातले माझ्यापेक्षा जास्त कळते. दोनच गोष्टी सांगतो. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर जातात; ती बदलून तीन आणि सहा लिटरची दुहेरी टाकी बसवा किंवा न्हाणीतले पाणी बादलीने वापरा. आणि रात्री सगळ्या तोट्या बंद करून वरच्या टाकीच्या पातळीवर खडूची खूण करा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर कुठेतरी गळती आहे. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी परड्यातल्या केळी, अळू आणि नारळाला द्या, झाडांच्या बुडाशी उसाचे पाचट अंथरा, आणि हिरवळीचा हट्ट सोडा.

साठवलेल्या पाण्याबरोबर डेंगी येतो, हे या भागात पुरेसे गंभीरपणे घेतले जात नाही. डेंगी पसरवणाऱ्या डासाचे अंड्यापासून उडण्यापर्यंतचे सगळे चक्र स्वच्छ साठलेल्या पाण्यात सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून अंगणातली पिंपे, बॅरल आणि म्हशींची दगडी डोणी आठवड्यातून एका ठरलेल्या वारी रिकामी करून काथ्याने घासावीत, आणि जे रिकामे करता येत नाही त्याचे तोंड सुती कापडाने घट्ट बांधावे.

म्हशींसाठी पाण्याइतकीच वैरणीची तयारी हवी. सुगी झाल्याबरोबर, भाव वाढण्याआधी कडबा घेऊन त्याची गंज ओलाव्यापासून आणि आगीपासून सुरक्षित रचावी. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी जनावरांना घालू नये. तिने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर तासाभरात दगावू शकते. टंचाईत नेमक्या याच वैरणीचा मोह होतो.

टँकर मागवायची वेळ आली, तर तो कोणत्या विहिरीवर भरला हे विचारावे, आपल्या टाकीतील पातळी किती वाढली यावरून लिटर मोजावेत, आणि ते पाणी कोणत्याही परिस्थितीत पिण्याच्या हौदात ओतू नये. सहा हजारांचा म्हणून आलेला टँकर साडेचार हजारांचा निघाल्याचे मी पाहिले आहे.

पैसे एकदम खर्च करू नयेत. पावसाळ्याआधी छत, पाइप, पिंप, गाळणी आणि हौद. त्यानंतर बोअरचा स्टार्टर आणि पुनर्भरण खड्डा. आणि दोन उन्हाळ्यांची वही हातात आल्यावर, तरीही तूट दिसत असेल तर, भूजलतज्ज्ञाकडून जागा पाहून दुसरा बोअर. हौदात लाकडी पट्टी टाकून मोजण्याची सवय ठेवावी : आपल्या हौदात एक फूट पाणी म्हणजे सुमारे अठराशे लिटर, आणि एक इंच म्हणजे आपल्या घराचे अडीच दिवस. १५ फेब्रुवारीला पट्टी चार फुटांपर्यंत भिजली पाहिजे. त्याहून कमी भिजली, तर नळ सुरू आहे तोवर त्याच आठवड्यात पंचायतीचे पाणी क्लोरीन पाहून हौदात घ्यावे, आणि तेही शक्य नसेल तर रोजचा साठ लिटरांचा वाटा त्या दिवसापासूनच पंचेचाळीसवर आणावा.